कुंपणाच्या वादात शेत पडीक पडू नये



'राज्यघटना' हा शब्द कानांवर पडला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हा वकिलांचा आणि शहरांतल्या पंडितांचा विषय. आपण नांगर धरावा, जाळे ओढावे, पाच वर्षांनी एकदा बोटाला शाई लावून घ्यावी. बाकीचे शिकलेले लोक बघून घेतील. हा समज नुसता खोटा नाही, तो घातुक आहे. लोकशाहीचा विषय निघाला की ज्या अमेरिकेचे नाव घेतले जाते, त्या अमेरिकेत लोकशाहीचा पाया घालताना नांगरवाले आणि जाळेवाले कुठे उभे होते, काय बोलले, कुठे चुकले आणि कुठे जिंकले, हे आज आपणांस सांगायचे आहे.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. त्या राज्याच्या विधानसभेच्या सभागृहात आजही एक लाकडी मासा टांगलेला आहे. लांबी सुमारे पाच फूट. हा कॉड मासा. तेथील लोकांचे पोट पूर्वी याच माशावर चाले, त्याची सभासदांना सतत आठवण राहावी म्हणून १७८४ मध्ये तो टांगण्याचा ठराव झाला. कायदे करणाऱ्याने मान वर केली की त्याला मासा दिसावा! ही कल्पना मला तरी फार आवडते.

त्या माशाला मान मिळाला तो फुकट नव्हे. १७७५ मध्ये इंग्रजांच्या पार्लमेंटने कायदा केला की, या भागातील वसाहतींनी उत्तर अटलांटिक समुद्रात मासेमारी करता कामा नये. लोक कर देत नाहीत, आज्ञा मानत नाहीत, तर त्यांचा समुद्रच बंद करा, असा तो हिशेब होता. ज्या सभेत आपला एकही माणूस बसत नाही, त्या सभेने हजारो कोसांवरून आपली होडी किनाऱ्याला बांधून टाकावी, याचा अर्थ मासेमाराला कोणी समजावून सांगावा लागला नाही. मार्बलहेड गावचे खलाशी जॉन ग्लोव्हर नावाच्या गावकऱ्याच्या हाताखाली लढाईत उतरले. १७७६ च्या ऑगस्ट अखेरीस न्यूयॉर्कजवळ वॉशिंग्टनचे सैन्य कोंडीत सापडले, तेव्हा ग्लोव्हरच्या लोकांनी एका रात्रीत सुमारे नऊ हजार माणसे नदीपार सुखरूप नेली. त्याच वर्षी नाताळच्या रात्री बर्फ वाहणाऱ्या डेलावेअर नदीतून वॉशिंग्टनला पलीकडे नेणाऱ्या नावांवरही हेच लोक होते. १७८३ मध्ये इंग्लंडशी तह झाला, त्यात एक आख्खे कलम माशांसाठी आहे. न्यूफाउंडलंडजवळच्या मोठ्या उथळ सागरी पट्ट्यात मासे धरण्याचा अमेरिकनांचा हक्क त्यात मान्य झाला. त्यासाठी जॉन ॲडम्स हट्ट धरून बसला होता.

पण बंधूंनो, परका राजा गेला म्हणजे स्वराज्य आले, असे आपोआप होत नाही. राजा गेला की त्याची खुर्ची तेवढी रिकामी होते. तिच्यावर कोण बसणार, किती दिवस बसणार, आणि माजला तर त्याला उठवायचे कसे, हे ठरवायचे बाकीच राहते. घटना म्हणजे या तीन प्रश्नांची लिहून ठेवलेली उत्तरे. दुसरे काही नाही.

आता ही उत्तरे लिहायची कोणी? १७७६ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावच्या सभेने यावर जो ठराव केला, तो आजही मुलांना शिकवण्यासारखा आहे. राज्याच्या विधानसभेने घटना तयार करण्याची परवानगी गावांकडे मागितली होती. कॉन्कर्डच्या लोकांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे सरळ होते. घटना असते ती सरकारला लगाम घालण्यासाठी. तो लगाम सरकारच तयार करू लागले, तर ते वाटेल तेव्हा तो सैलही करील. म्हणून घटना करण्यासाठी लोकांनी वेगळी सभा निवडावी आणि काम होताच त्या सभेने घरी जावे. आपल्या भाषेत सांगायचे तर, भाटकारानेच मुंडकाराचा करार लिहायचा आणि भाटकारानेच तो हवा तेव्हा खोडायचा, तर त्या कागदाची किंमत काय?

विधानसभेने तरीही घाई केली. १७७८ मध्ये तिने स्वतः घटना लिहून गावोगाव पाठवली आणि गावांनी ती प्रचंड बहुमताने फेटाळली. लोकांच्या हक्कांची यादीच तिच्यात नाही, ही एक मोठी तक्रार होती. मग १७७९ मध्ये लोकांनी वेगळी घटनासभा निवडली. मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्सने लिहिला. १७८० च्या वसंतात तो गावोगावच्या सभांत कलमवार वाचला गेला. हे पटले, हे पटले नाही, का पटले नाही, असे गावांनी लिहून कळवले. ती घटना दुरुस्त्यांसह आजतागायत चालू आहे. घटना लोकांपुढे ठेवून, त्यांची संमती घेऊन मग लागू करण्याची ही रीत जगात त्यापूर्वी जवळजवळ नव्हती, आणि ती कोणा राजनीतीच्या ग्रंथापेक्षा गावच्या सभांच्या आडमुठेपणातून आली, हे ध्यानात घ्या.

अशा कागदाने गरिबाला काय मिळते, असे कोणी विचारील. त्यालाही उत्तर आहे. त्याच राज्याच्या पश्चिम भागात शेफील्ड गावी कर्नल ॲश्ली नावाच्या मातबर गृहस्थाच्या घरी बेट नावाची एक गुलाम स्त्री होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे नव्या घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे, हे तिच्या कानांवर आले. तिने थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाला गाठले. 'सर्व माणसे' म्हटल्यावर त्यात मी येते की नाही, एवढाच तिचा प्रश्न. १७८१ मध्ये कोर्टाने तिला मुक्त ठरवले, वर नुकसानभरपाई दिली. पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. ज्यांनी ते कलम लिहिले, त्यांच्या मनात ही बाई बहुधा नव्हतीच. पण कागदावर शब्द चढला होता आणि ती तो धरून उभी राहिली. म्हणून म्हणतो, कागदावर काय लिहिले आहे ते ऐका, वाचा, वाचून घ्या.

आता दुसरी बाजू. याच घटनेने मतदाराला मालमत्तेची अट घातली होती. जमीनजुमला नाही त्याला मत नाही, आणि स्त्रियांना तर मुळीच नाही. लढाई संपली तेव्हा शेतकऱ्यांची अवस्था वाईट होती. शिपायांना पगारापोटी कागदी चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. गरजेपोटी त्या त्यांनी मातीमोलाने विकल्या आणि पैसेवाल्यांनी गोळा केल्या. मग त्या चिठ्ठ्यांचे आणि युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी राज्याने कर बसवले. ते चांदीच्या रोख नाण्यांत द्यायचे. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याकडे धान्य होते, गुरे होती, रोकड नव्हती. सावकाराची फिर्याद, कोर्टाचा हुकूम, गुरांचा लिलाव, आणि तेवढ्याने भागले नाही तर तुरुंग. आपल्या वाडवडिलांना हा क्रम वेगळा सांगायला नको.

शेतकऱ्यांनी १७८६ च्या उन्हाळ्यात सभा घेतल्या, अर्ज केले. दाद लागली नाही. तेव्हा २९ ऑगस्ट १७८६ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे शेकडो शेतकऱ्यांनी कोर्टाला गराडा घालून त्याचे काम बंद पाडले. कोर्ट बसले नाही तर जप्ती नाही, असा त्यांचा हिशेब. डॅनियल शेज नावाचा एक शेतकरी, लढाईत कॅप्टन झालेला माणूस, त्यांचा म्होरक्या म्हणून ओळखला जाऊ लागला. गव्हर्नर बोडन याने सैन्य उभारायचे ठरवले, तर खजिन्यात पैसा नाही. तेव्हा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सैन्य उभे करून दिले. म्हणजे धनकोंच्या पैशाचे सैन्य ऋणकोंवर चालून गेले! २५ जानेवारी १७८७ रोजी शेजचे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर गेले, तिथे तोफा सुटल्या आणि चार माणसे मेली. दहाएक दिवसांनी बर्फाच्या वादळात सैन्याने त्यांना गाठून पांगवले. बंड संपले.

बंदूक हरली. पण पुढे काय झाले, ते शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळदा गळते. त्याच वसंतात निवडणूक झाली. गव्हर्नर बोडनला लोकांनी मोठ्या फरकाने पाडले आणि जॉन हॅनकॉकला निवडून दिले. विधानसभेत नवे चेहरे भरभरून आले. कराचा बोजा हलका झाला. बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली, १७८८ मध्ये खुद्द शेजलाही. जे हजार बंदुकांना साधले नाही, ते मतपत्रिकेने काही महिन्यांत करून दाखवले. तरीही शेतकऱ्यांनी आधी गप्प बसून सोसले असते, तर त्या निवडणुकीत एवढी जाग आली असती का, हाही प्रश्न आहेच. मी बंडाची भलामण करीत नाही. अर्जाला उत्तर न देणारे सरकार बंडाची पेरणी करते, एवढेच सांगतो.

या बंडाने सर्व तेरा राज्यांतले पुढारी हादरले. त्यांचे मध्यवर्ती सरकार नावापुरते होते. १७८१ पासून लागू असलेल्या कराराप्रमाणे त्याला कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे हात पसरावा लागे. करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्ये कबूल हवीत. म्हणून २५ मे १७८७ पासून फिलाडेल्फियात बंद दाराआड सभा बसली. पंचावन्न प्रतिनिधी येऊन गेले, १७ सप्टेंबरला एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. ही आजची अमेरिकेची घटना.

तिची मुख्य युक्ती कोणती? आपल्या खाजनाच्या बांधातला मानस डोळ्यांसमोर आणा. भरती येते, पाणी फळ्यांवर रेटा देते आणि त्या रेट्यानेच फळ्या मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून वाट काढते. भरतीने कृपा करून थांबावे, अशी विनवणी शेतकरी करीत नाही. पाण्याचाच जोर पाण्याला अडवील, अशी रचना तो करून ठेवतो. जेम्स मॅडिसन आणि त्याच्या सोबत्यांनी सत्तेच्या बाबतीत हेच केले. सत्ता मिळाली की माणूस ती वाढवू पाहणार, हे त्यांनी गृहीत धरले. म्हणून सत्ता तिघांत वाटली. कायदा करणार काँग्रेस, तीही दोन सभागृहांची. अंमल करणार राष्ट्राध्यक्ष, चार वर्षांच्या मुदतीने. न्याय करणार न्यायालय. काँग्रेसचा कायदा राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतो. पण दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते पडली तर त्याचा नकार चालत नाही. राष्ट्राध्यक्षाने गंभीर गुन्हा केला तर काँग्रेस त्याच्यावर खटला चालवून काढू शकते. कायदा घटनेविरुद्ध असेल तर न्यायालय तो बाजूला ठेवू शकते; हा अधिकार १८०३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्बरी खटल्यात ठामपणे सांगितला. जे अधिकार मध्यवर्ती सरकारला दिले नाहीत, ते राज्यांकडे आणि लोकांकडे. प्रत्येक फळी दुसरीवर रेलून उभी.

पण मानस बांधणाऱ्यांनी बांधला, म्हणून गावाने तो डोळे मिटून घ्यावा काय? तेरापैकी नऊ राज्यांनी खास निवडलेल्या सभांत ही घटना मान्य करायची होती. मॅसॅच्युसेट्सची सभा १७८८ च्या जानेवारीत बोस्टनला भरली. २५ जानेवारीला, म्हणजे स्प्रिंगफील्डच्या तोफांनंतर बरोबर एका वर्षाने, तिथे दोन साध्या माणसांची भाषणे झाली. माझ्या मते लोकशाहीचा सारा अर्थ त्या दोन भाषणांत आहे.

पहिला उठला ॲमॉस सिंगलटरी, सटन गावचा. तो म्हणाला, आम्ही इंग्लंडशी भांडलो ते कराच्या हक्कावरून. आता तोच हक्क दूरच्या नव्या सरकारला द्यायचा? हे वकील, हे विद्वान, हे पैसेवाले इतके गोड बोलतात, कारण त्यांनाच त्या काँग्रेसमध्ये बसायचे आहे. सारी सत्ता आणि सारा पैसा हाती आला की ते आम्हा लहान माणसांना देवमाशासारखे गिळून टाकतील. आपल्याकडे ज्याला मत्स्यन्याय म्हणतात, तीच ही भीती. समुद्रकाठच्या माणसाला ती खोटी कशी म्हणता येईल?

मग उठला जोनाथन स्मिथ, पश्चिमेकडच्या लेन्सबरो गावचा. मी नांगरावर पोट भरणारा साधा माणूस आहे, मला सभेत बोलायची सवय नाही, अशी त्याची सुरुवात. बंडाच्या काळात अराजक म्हणजे काय, हे त्याने आपल्या भागात डोळ्यांनी पाहिले होते. शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखतो, तेव्हा जीव वाचवील असा कोणताही जुलमी माणूस लोकांना देव वाटू लागतो, हे त्याने सांगितले. ही घटना हाती आल्यावर मी कोणा वकिलाचे मत विचारायला गेलो नाही. स्वतः पुन्हा पुन्हा वाचली आणि तिच्यात सत्तेला लगाम दिसला, असे तो म्हणाला. पैसेवाले आणि आम्ही एकाच नावेत आहोत. तरलो तर सगळे तरू, बुडलो तर सगळे बुडू. आणि शेवटी त्याने विचारले, तुम्ही दोघांतिघांनी मिळून खडकाळ रान मोडून गहू पेरला आणि कुंपण कसले घालायचे यावर एकमत होईना, तर ते पीक उघडे टाकून द्याल काय? कोणाचेच मन पुरते भरले नाही, तरी काहीतरी कुंपण घालाल ना?

वाचकहो, या दोघांत खरा कोण? मी म्हणतो, दोघेही. मते पडली ती घटनेच्या बाजूने १८७ आणि विरुद्ध १६८. सिंगलटरीचा पक्ष हरला, पण थोडक्यात हरला. आणि एवढे लोक साशंक आहेत हे दिसल्यामुळेच सभेने मान्यता देताना दुरुस्त्यांची यादी सोबत जोडली. इतर राज्यांनीही तेच केले. परिणामी १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या. भाषणाचे, छपाईचे, धर्माचे, सभा भरवण्याचे, सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचे स्वातंत्र्य. कारणाशिवाय घराची झडती नको. पंचांपुढे चौकशी हवी. हे हक्क अमेरिकन माणसाला मिळाले ते घटना लिहिणाऱ्यांच्या औदार्याने कमी आणि संशय घेणाऱ्यांच्या चिवटपणाने अधिक. नुसते स्मिथ असते तर हक्कांची यादी आली नसती. नुसते सिंगलटरी असते तर कुंपणच पडले नसते.

आणखी एक मासला सांगतो. फिलाडेल्फियाच्या सभेत शेवटपर्यंत बसूनही सही न करणाऱ्या तिघांपैकी एक होता एल्ब्रिज गेरी. तो त्याच मार्बलहेड गावचा, सुक्या कॉडचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. हक्कांची हमी नाही, हा त्याचा एक आक्षेप होता. असा हा सत्तेवर संशय घेणारा माणूस पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला, आणि १८१२ मध्ये त्याच्याच पक्षाने मतदारसंघांच्या सीमा अशा वेड्यावाकड्या कापल्या की थोड्या मतांत जास्त जागा मिळाव्यात. गेरीने त्या कायद्यावर सही केली. एक मतदारसंघ तर सरड्यासारखा वळवळता दिसे. वर्तमानपत्राने त्याचे पंख फुटलेल्या प्राण्यासारखे चित्र छापले आणि गेरीच्या नावावरून त्या लबाडीला नाव ठेवले. आज दोनशेहून अधिक वर्षांनीही अमेरिकेत मतदारसंघांची कारस्तानी त्याच नावाने ओळखली जाते. त्या वर्षी गेरी निवडणूक हरला, पण त्याच्या पक्षाने सिनेट राखले. म्हणून कोणत्याही पुढाऱ्याचा पूर्वेतिहास बघून मानसाची फळी उघडी ठेवू नये.

आणि अमेरिकेचे फार गोडवेही गाऊ नयेत. ज्या घटनेने राजाला हद्दपार केले, तिनेच गुलामगिरी पोटात ठेवली. राज्यांच्या जागा मोजताना पाच गुलामांची तीन माणसे धरली. मूळ रहिवाशांच्या जमिनी पुढे वर्षानुवर्षे लुबाडल्या गेल्या. गुलामगिरी संपायला १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आणि सहा लाखांहून अधिक मृत्यू लागले. स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. दक्षिणेतील काळ्या लोकांना मतपेटीपर्यंत खरोखर पोचता यावे म्हणून १९६५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. 'सर्व माणसे' हे दोन शब्द खरे करायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, आणि ते काम अजून पुरते झालेले नाही. पण प्रत्येक वेळी लढणाऱ्यांनी बेटप्रमाणे तेच शब्द पुढे केले.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. आपल्या १९५० च्या घटनेत मूलभूत हक्क आहेत, आणि ते डावलले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट आहे. ही घटना आपल्या भूमीला लागू झाली ती १९६१ नंतर. त्याआधी लिस्बनहून हुकूम येत. इथल्या माणसाला त्यावर हूं की चूं करता येत नसे. म्हणून तरी आपल्याला या कागदाची किंमत इतरांपेक्षा दोन पैसे अधिक कळायला हवी.

तेव्हा माझे मागणे लहानसे आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. जमिनीचा, बांधाचा, किनाऱ्याचा कोणताही ठराव पुढे आला की तीन प्रश्न विचारा. हे कोणी ठरवले? त्याला अडवणारा कोण? आणि अन्याय झाला तर दाद कोणाकडे? कागद हातात मागून घ्या; स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. सिंगलटरीसारखे खोदून विचारा आणि स्मिथसारखे शेवटी कुंपण घालायला हात लावा. ग्रामसभेत आपली खुर्ची रिकामी राहिली, तर तिच्यावर बसायला देवमासे टपलेलेच असतात.